पिशोरच्या बंद दारांची यादी

कन्नडची एसटी संभाजीनगरच्या स्थानकातून हलली, तरी उतरून परत फिरावं असं मला वाटत होतं. माझा धंदा निवडणुकीचा. मतदारयादी मोबाइलमध्ये घालून मी ती उमेदवारांना विकतो. घरोघरी फिरून प्रत्येक नावाला रंग देतो: आपला हिरवा, विरोधातला तांबडा, डळमळीत पिवळा आणि कुलूप दिसलं की करडा. गेल्या वर्षी पिशोरच्या एका अख्ख्या आळीला मी करडा रंग देऊन शेरा मारला, 'गाव सोडून गेले'. माझ्या उमेदवाराच्या माणसांनी त्यावरून हरकती घेतल्या आणि ती नावं उडाली.

तो दिवस आठवडी बाजाराचा होता. सगळी आळी बाजारात बसली होती. मी साधी चौकशीही केली नव्हती.

हे मला काल फोनवर कळलं. फोन त्याच आळीतल्या हमीदाबी या बांगडीवालीचा. शेजारच्या आळीतल्या एकीच्या मतदार-चिठ्ठीवर माझा नंबर छापलेला होता. "ग्रामपंचायतीला उभं ऱ्हायचंय मला, भाऊ. यादीत नावच नाय, तर फारम कसा भरू? नाव घालायची उद्या आखरी तारीख हाय."

वेरूळला पर्यटक उतरले आणि बस मोकळी झाली. पुढं दोन्ही बाजूंना कपाशी, मका, मध्येच उसाची ट्रॉली. कन्नडला जीप धरली आणि दुपारी पिशोरला पोचलो.

हमीदाबी दारातच उभ्या होत्या. वय माझ्याएवढंच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आधी जेवा. उपाशी माणसाला बोल लावणं जमत नाय मला."

त्यांनी खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) वाढला. मी जेवत होतो, तोवर त्या माझ्या मोबाइलमधले रंग पाहत होत्या.

एका बाईच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही तांबडी का?"

"नवरा विरोधातला आहे, आपा."

त्या खळखळून हसल्या. "नवऱ्याला इचारून ही भाजीसुदिक आणत नाय! हिच्या मनगटाचं माप, माहेर, दुखणं, समदं म्हाईत हाय मला. तुम्ही निसतं कुलूप बघितलं."

अर्ज त्यांनी भरून ठेवला होता. पण जुनी हरकत माझ्या शेऱ्यावर उभी होती. तो शेरा खोटा असल्याचं मीच कन्नडच्या तहसील कार्यालयात लिहून द्यायला हवं होतं.

आम्ही जीपमध्ये बसलो. जीप मात्र हलेना. भरल्याशिवाय निघणार नाही, असं ड्रायव्हरनं सांगितलं. मी घड्याळ पाहून घामाघूम. हमीदाबी उतरल्या आणि रस्त्यातच हाका मारू लागल्या.

"अगं सुमन, उद्या डोळे दावायला कन्नडला जायचंय ना? आजच चल!"

"चूल पेटवलीया, भाभी!"

"इझव! डागदर काय पळून चाललाय? मी तरी चाललेच हाय, तुझी सोबत व्हईल!"

थोड्याच वेळात दुसऱ्या आळ्यांतल्या चार बायका चढल्या. इतका प्रचार मला कधी जमला नव्हता.

तहसीलमधल्या कारकुनानं कागद चाळले. "गाव सोडून गेले, असं कुणी लिहिलं होतं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. उमेदवाराचा होता. येत्या निवडणुकीचं काम त्यांच्याकडूनच मिळणार होतं. मी फोन बंद केला.

"मी लिहिलं. चौकशी केली नव्हती."

"तसं लेखी द्या."

मी लिहिलं, सही केली. हमीदाबींना पोच मिळाली. ती त्यांनी दोनदा वाचून पदराआड ठेवली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आळीतल्या बाकीच्यांचं?"

"निम्मी वाळूजला कंपनीत, निम्मी कापूस येचायला लांब गेलीत. आजच्या आज कुठून आणू?" त्या रागावल्या नव्हत्या. "माझीच मतं होती ती, भाऊ."

परतीच्या बसमध्ये मी ती करडी नावं उघडली. वर्षभर ती माझ्याजवळ होती, पण एकही नीट वाचलं नव्हतं. एका घरात आई आणि तीन मुली, एकात म्हातारा एकटाच. संभाजीनगर येईपर्यंत मी वाचत राहिलो. हमीदाबींचं नाव परत घालायला मदत केली, एवढं मी घरी अभिमानानं सांगू शकेन. पण मतदानाच्या दिवशी हमीदाबी शाळेबाहेर उभ्या राहतील आणि त्यांच्याशिवाय आळीतलं कुणीच मत द्यायला आत जाऊ शकणार नाही, हेही मला सांगावं लागेल.