पाचातलं एक

नातीच्या फॉर्मवर सही करायला शाळेने बोलावलं, तेव्हा म्हाताऱ्याने आधी तिची वही मागितली. बत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. मापल्याशिवाय जॉब, म्हणजे मशीनवरचा लोखंडाचा तुकडा, पुढे सरकवायचा नाही, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती. पोरगी आठवीत, पण दोन वर्षांपासून तिला सोप्या वर्गात बसवलेलं. वहीत पानोपानी बरोबरच्या खुणा होत्या. नीट पाहिलं तर गणिताच्या पायऱ्या आधीच छापलेल्या. पोरीने रिकाम्या चौकटीत आकडे भरले होते, एवढंच.

वर्गाच्या बाई म्हणाल्या, या मुलांना झेपेल तेवढंच द्यायचं असतं. सही झाली की दहावीपर्यंत हाच अभ्यास, मग परत फिरता येत नाही.

"जॉब जाड राहिला तर पुन्हा मशीनवर चढतो," म्हातारा म्हणाला. "जास्त कापला की भंगार. तुम्ही कापूनच ठेवलाय."

"मूल म्हणजे लोखंड नव्हे, आजोबा."

"लोखंड असती तर कोणीतरी मापली असती."

बाई आणखी ताठ झाल्या. घरी अभ्यास कोण घेतं, असं त्यांनी विचारलं. कोणीच घेत नव्हतं. सून दोन ठिकाणी कामाला जायची आणि म्हातारा रोज पत्ते कुटायचा. वर्मी लागलं. मग त्याने कोरा कागद मागून वहीतलीच पाच गणितं पोरीला चौकटींशिवाय घालायला लावली.

पोरगी पाऊण तास मान खाली घालून बसली. एकच गणित बरोबर आलं.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "नेहमीच्या वर्गात नापास होईल."

"होईल. मग पुन्हा बसेल. हे एक तरी तिचं आहे."

त्याने फॉर्मवर 'नको' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

फाटकाबाहेर पोरगी फणकारली. "मला विचारलंत? माझ्या मैत्रिणी त्याच वर्गात आहेत."

"नाही विचारलं."

"मी तुमच्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस. सहाला वही घेऊन बस."

सहाला तिने वही त्याच्यापुढे आपटली. पहिलंच गणित चुकलं. त्याने आडवी रेघ मारली. तिने पान टरकावलं, आणि दातओठ खात तेच गणित पुन्हा मांडायला घेतलं.