एनटीएफएस कुठून आलं

माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी वर्गमित्राच्या घरी, त्याच्या विंडोज एक्सपीवर केला. पालीहून एसटीने रत्नागिरीला यायचो. त्याची आई जेवल्याशिवाय सोडायची नाही. घरातला पहिला पदवीधर मी होणार तो अशा माणसांच्या जिवावर, असं मी अभिमानाने सांगे.

प्रोजेक्ट फ्लॉपीत मावेना, म्हणून पेनड्राइव्ह घेतला. सरांनी सांगून ठेवलं होतं, ज्याचा प्रोजेक्ट उत्तम चालेल त्याला लॅब असिस्टंटची नोकरी. स्पर्धेत मी आणि तो मित्र, दोघंच होतो.

"मेल्या, नवा पेनड्राइव्ह असाच वापरतात काय? आण, फॉरमॅट करून देतो. एनटीएफएस पद्धत बरी, टिकते," मित्र म्हणाला.

"तू म्हणशील ते," मी म्हणालो.

लॅबमधले सगळे कॉम्प्युटर विंडोज अठ्ठ्याण्णववर होते. प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी मी पेनड्राइव्ह लावला, तर डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का, अशी विचारणा आली.

"रिकामाच घेऊन आलास काय रे?" सर म्हणाले. वर्ग हसला.

मित्राने खांद्यावर हात ठेवला. "अठ्ठ्याण्णवला एनटीएफएस वाचता येत नाही रे. माझ्या लक्षातच नाही आलं."

त्याचा पेनड्राइव्ह मात्र अठ्ठ्याण्णवला वाचता येणाऱ्या फॅट थर्टी-टूवर होता. प्रोजेक्ट छान चालला. मला छापील रिपोर्टवर पास केलं, नोकरी त्याला मिळाली. वर मीच त्याची समजूत काढली, "चूक कोणाचीही होते. तू होतास म्हणून प्रोजेक्ट तरी झाला."

पुढे मी एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. तिथेही एक्सपीच होतं. एकदा मुलांना फॉरमॅट दाखवताना यादी उघडली, तर फॅट आणि फॅट थर्टी-टू, एवढंच. एनटीएफएस नव्हतंच. शोधलं तेव्हा कळलं, पेनड्राइव्हसाठी ते आपणहून दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एक सेटिंग बदलावं लागतं, मगच येतं. हे नजरचुकीने होत नाही. आणि स्वतःच्या पेनड्राइव्हला त्याने ते केलं नव्हतं.

मुलं वाट बघत होती. मी फॅट थर्टी-टू निवडून पुढे शिकवत राहिलो.

त्यानंतर त्या घरी गेलो नाही. परवा बाजारात त्याची आई भेटली. "येत नाहीस तो? आमच्यावर रागावलास काय?"

"नाही हो काकू, वेळच होत नाही," मी म्हणालो. तिच्या हातातली जड पिशवी घेतली आणि रिक्षापर्यंत पोचवली.