पेंटरमामांची चौकोनी अक्षरं

आमच्या पेंटरमामांच्या हाताला गोलाई ठाऊकच नव्हती. त्यांची अक्षरं जाडजूड, ताठ आणि कोपरेदार. 'व'चं पोट चौकोनी आणि 'ळ' म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली दोन खोकी. पौडपासून ताम्हिणीपर्यंत निम्म्या पाट्या त्यांच्याच, त्यामुळे आमच्याकडे दुधाची डेअरीसुद्धा जप्तीची नोटीस लावल्यासारखी दिसायची.

बालवाडीच्या दारावर त्यांनी 'सुस्वागतम्' लिहिलं, तर पहिल्याच दिवशी दोन पोरं ते बघून रडत घरी गेली. बाईंनी जरा मऊ काहीतरी काढा म्हणून विनवलं. मामांनी खाली एक फूल काढून दिलं. तेही षटकोनी होतं.

पण त्यांचंही खरं होतं. पावसाळ्याचे चार महिने आमच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात आणि नाजूक अक्षर दहा पावलांवरून दिसेनासं होतं. "पाटी वाचायला मान्सं गाडीतनं उतरणार हायेत व्हय?" मामा विचारायचे.

मी खाणावळ काढली तेव्हा मात्र शहाणपणा करून वेलबुट्टीच्या अक्षरांचा फ्लेक्स छापून आणला. पावसाळाभर गाड्या समोरून निघून गेल्या. एक गाडी थांबली, त्यातल्या बाईंनी मेहंदी काढून मिळेल का विचारलं. चूल बंद करायची पाळी आली, तेव्हा मी मामांकडे गेले.

तोवर साखरेच्या आजाराने मामांची नजर जवळजवळ नेली होती. ते नाहीच म्हणाले. "शेवटची पाटी चुकली तर आजवरचं समदं पुसलं जाईल, पोरी." मीही हटून बसले. अखेर अंगणात पत्रा आडवा ठेवला, त्यावर सुतळ्या ताणल्या आणि मामांनी बोटाने सुतळी चाचपत 'घरगुती जेवण' लिहिलं. सरळ रेघांचं अक्षर होतं म्हणून निभावलं. 'ज'चा एक कोपरा जरा घसरला, पण मी तोंड उघडलं नाही.

पाटी चढवली की मामा एसटीने तिच्यासमोरून जायचे. गाडी पुढे जायच्या आत कुणा परक्याने ती आपणहून वाचली, तरच ती पास. या वेळी मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. मी बोलायचं नाही, असा दम मिळाला होता. धुकं दाट होतं. खाणावळीचं वळण आलं तरी कुणी काही बोलेना. मामांनी माझं मनगट आवळून धरलं होतं.

तेवढ्यात मागची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "घरगुती जेवण. एवढं दरडावून सांगत्यात, तर जेवूनच जाऊ." आणि तिने कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली.

"वाचलं," मामा म्हणाले. "कुटं अडखळली न्हाई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मीही रडत होते. म्हातारी मात्र आम्हाला ओलांडून आधी उतरली.

त्यानंतर मामांनी ब्रश धरला नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले. फार आठवण येते त्यांची. खाणावळ आता बरी चालते. एखाद्या दिवशी कंटाळा येतो, सकाळच्याच भाकरी गरम करून वाढाव्यात असं मनात येतं. मग बाहेर जाऊन ती पाटी एकदा बघते आणि मुकाट्याने पीठ मळायला घेते.