काठाशी उलटी छपाई

माझा भाऊ दानी इस्राएलच्या दक्षिण टोकाला, एलातमध्ये वारला, त्या दिवशी मी ओफाकिमच्या कारखान्यात शर्ट तपासत होतो. त्याने नशेची सुई टोचून घेतली होती. बरोबर दोघे मित्र होते. तो पडल्यावर ते पोलिसांना भिऊन निघून गेले. डॉक्टर म्हणाले, कोणी कुशीवर वळवून अँब्युलन्स बोलावली असती तर बहुधा वाचला असता.

शिवा, म्हणजे सुतकाचे सात दिवस, बसून झाल्यावर मी कामावर परतलो. माझं काम क्वालिटी कंट्रोलचं. माल बाहेर पडण्याआधी त्यात खोड काढायची. घरी याला स्वभाव म्हणतात, कारखान्यात पगार देतात.

त्याच सुमारास दाफ्ना ऑर्डर घेऊन आली. ती बेर्शेबाच्या एका संस्थेत होती. त्यांच्या कामाला हार्म रिडक्शन म्हणतात. व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस मरू नये, एवढाच त्याचा अर्थ. स्वच्छ सुया द्यायच्या, वापरलेल्या परत घ्यायच्या, पडलेल्याला कसं सांभाळायचं ते शिकवायचं. या कामासाठी संस्था टी-शर्ट विकत असे. आदल्या वर्षीचे खोके मात्र तसेच पडून होते.

"लोक पैसे देतात आणि शर्ट टेबलावरच ठेवून जातात," ती म्हणाली.

छातीवर मोठ्या अक्षरांत, नशेत पडलेल्याला कसं सांभाळायचं, तो मजकूर होता. आमच्या गावात एखाद्या पोराने तो घातला असता, तर संध्याकाळच्या आत शेजारणी त्याच्या आईचं सांत्वन करायला आल्या असत्या.

"छातीवर डाळिंब छापू," मी म्हटलं. "मजकूर खाली, काठाशी, बारीक. आणि उलटा."

"उलटा कशाला?"

"घालणाऱ्याने काठ वर उचलला की त्याला सुलटा दिसेल. कोणी समोर पडलं असेल तेव्हा घालणाऱ्यालाच वाचायचंय."

दाफ्नाला पटलं. आमचा मालक यॉसी मात्र पहिला नमुना बघून ओरडला, "हे काय? कोणी पास केलं?"

"घालून बघा."

"तू घाल. तुझं काम आहे ते."

"सात दिवस सरले तरी भावासाठी महिनाभर नवा कपडा चालत नाही. सुतक आहे."

यॉसी स्वतः धर्म पाळत नसे, पण दुसऱ्याच्या धर्माला फार भिई. त्याने शर्ट चढवला. पोटावर तो ताणून बसला. मग त्याने काठ उचलला आणि हिब्रू मजकूर वाचू लागला. *कोणी पडलं तर कुशीवर वळवा. अँब्युलन्स बोलवा. पळू नका.* वाचून झाल्यावरही तो काठ धरून उभाच राहिला.

शिलाईवरच्या, माझ्यासारख्याच मुंबईहून इस्राएलला आलेल्या रिबकामावशी मराठीत म्हणाल्या, "मालकांना सांग, वाचून झालं असेल तर पोट झाका आता."

"काय म्हणते ती?" यॉसीने विचारलं.

"छान दिसतो म्हणाली."

तो जरा खूश झाला. "छापा. पण घेणार कोण? लोक म्हणतील, डिफेक्ट आहे."

मी ते मावशींना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "म्हणू देत की! मुंबईत एक्सपोर्ट रिजेक्ट म्हटलं की आपल्या बायका तुटून पडायच्या, विसरलास?"

एक्सपोर्ट रिजेक्ट म्हणजे परदेशी जायचा, पण खोडीपायी मागे राहिलेला माल. त्याचं कापड अव्वलच असणार, ही आमच्या लोकांची श्रद्धा. इस्राएलला येताना भांडीकुंडी मागे राहिली, ही श्रद्धा आली.

'एक्सपोर्ट रिजेक्ट'ची खोटी पाटी मात्र मी लावू दिली नाही. बेर्शेबाला आमच्या समाजाच्या हॉलमध्ये टेबल मांडलं आणि 'छपाई उलटी' एवढंच लिहिलं. शेजारी संस्थेची पाटी होती. ती कोणी वाचली नाही. बाकीचं मावशी डोळ्यांनी बोलत होत्या.

"डाळिंब सुलटं आहे ना?" समाजातल्या साराआंटींनी विचारलं.

"आहे."

"मग खाली कोण बघतंय? दोन दे."

दाफ्ना माझ्या कानाशी म्हणाली, "आम्ही वर्षभर चांगुलपणा विकत होतो. तुम्ही चूक विकताय!"

काही दिवसांनी साराआंटी तोच शर्ट घालून कारखान्याच्या दारात आल्या.

"काय रे एलाझार, गर्दुल्ल्यांचा शर्ट माझ्या गळ्यात मारलास?"

"परत घेतो, आंटी."

"परत कशाला? ऐक आधी. परवा बसस्टँडवर एक पोरगा पडला. ओठ निळे. लोक वळसा घालून चाललेले. नात होती बरोबर, सैन्यातली; काठाशी काय लिहिलंय ते तिनेच आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला हिब्रू कुठे वाचता येतं? मी काठ उचलला आणि तिला म्हटलं, वाच. ती वाचत गेली, मी करत गेले. फोन तिने लावला. 'पळू नका' आलं तेव्हा म्हटलं, या गुडघ्यांनी पळते कुठे?"

"मग?"

"अँब्युलन्सवाल्यांनी नशा उतरवणारी सुई दिली. त्याने डोळे उघडले आणि मलाच शिव्या घातल्या. चांगल्या खणखणीत!"

आंटींनी काठ माझ्यापुढे धरला. "ही अक्षरं धुतल्यावर जातील काय रे?"

"थंड पाण्यात धुवा," मी म्हटलं. "उलटा करून वाळवा."

या धंद्यात मी शिकलो ते इतकंच. चांगली गोष्ट म्हणून पुढे केली तर माणूस हात मागे घेतो. खोड आहे म्हटलं की उचलून बघतो, आणि बघताना वाचतो.

कारखाना आता बंद आहे. त्या जागी गोदाम आहे. दानीची कबर बेर्शेबाला आहे. बसस्टँडवरच्या त्या पोराचं नाव मला माहीत नाही.