सिस्टरच्या घरातली कडी

आमची आत्या आवाज न चढवता माणसाला हादरवायची. कुठलीही मोठी गोष्ट ती आधी करून मोकळी व्हायची आणि नंतर चहा पिता पिता सहज सांगायची. सत्तावन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली, हे आम्हाला लायसन्स हातात आल्यावर कळलं. मेळघाटाच्या पायथ्याच्या उपकेंद्रांमध्ये तिने नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. गावोगाव तिला सिस्टर म्हणत, आणि लोकांचं ऐकून माझे बाबाही, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, तिला सिस्टरच म्हणत. आत्या म्हणणारी मी एकटी.

ती निवृत्त झाल्यावर महिन्याभराने अकोटला आमच्या दारात एक जुनी शाळेची मिनी बस येऊन थांबली. वरून पांढरा रंग मारलेला होता, पण खालचा पिवळा डोकावत होता. स्टीअरिंगवरून आत्या उतरली. बाबांना वाटलं, वऱ्हाड घेऊन आली की काय. त्यांनी आत डोकावलं तर एकही सीट नव्हती.

"घर घेतलं," आत्या म्हणाली. "चहा ठेव वं पोरी."

मी अमरावतीला बँकेत कारकून आहे आणि शनिवार-रविवार अकोटला येते. आभाळात ढग नसला तरी छत्री घेऊन दळणाला जाणारी मी बाई. चार चाकांवरचं घर हे माझ्या डोक्यात बसेना. मी विचारलं, घरच घ्यायचं होतं तर प्लॉट का नाही घेतला? त्यावर आत्याने मला आपला बेत सांगितला. ज्या ज्या गावात नोकरी केली, त्या प्रत्येक गावात जाऊन आठ-आठ दिवस राहायचं. पाहुणी म्हणून नाही, स्वतःच्या घरात. "मले कोणी खाली करा म्हणणार नाई असं घर पायजे होतं," ती म्हणाली. "अन् म्हटलंच कोणी, तर मी घरासकट जाईन."

नोकरीभर ती सरकारी क्वार्टरमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत राहिली. तिच्या भिंती कायम उघड्या. कॅलेंडरसुद्धा टेबलावर आडवं पडलेलं असायचं. "दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा नसते," हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणूनच आमच्या गल्लीतल्या सुतारभाऊंनी बसला आतून लाकडी पट्ट्या मारल्या, त्या दिवशी ती काहीतरी ठोकणार याची मला खात्री होती. तिने छताच्या पट्टीत एक जाडजूड लोखंडी कडी ठोकली. सुतारभाऊ हातोडी मागत राहिले, तिने दिली नाही. मला वाटलं कडी मच्छरदाणीसाठी असेल, पण तिने तिला काहीच अडकवलं नाही. बाबांनी एकदा कडीकडे पाहिलं आणि चपला शोधत बाहेर निघून गेले.

आता आमच्या उन्हाळ्याबद्दल नवीन काय सांगायचं? पत्र्याची बस म्हणजे बिनचुलीचा तवा. सुतारभाऊ म्हणाले, भिंतीत थर्मोकोल भरू. आत्या भडकली. "कपाशीच्या गावात थर्मोकोल? लोकं तोंडात शेन घालतील." आमच्या घरामागेच जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथल्या एका हमालाच्या तिन्ही लेकरांचा जन्म आत्याच्या हातचा. त्याने गाठोडी भरभरून कापूस आणून दिला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो प्लायवूडच्या मागे ठासून भरला. कापूस न पिंजलेला होता, सरकीसकट. जो तो येऊन भिंतीवर हात फिरवायचा आणि काय डोकं आहे सिस्टरचं, असं म्हणायचा. सरकी म्हणजे कापसातलं बी, हे अकोटात कुणाला सांगावं लागत नाही. उंदराला तर नाहीच नाही. पण आमच्यापैकी एकालाही तो विचार शिवला नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन सुरू झालं आणि आत्याने बस आमच्या परसात, जिनिंगच्या भिंतीलगत उभी केली. "पावसाचे तीन महिने भिक्खू एका जागी राह्यतात, मंग माह्या बसनं काहून फिरावं?" निघायचा दिवस तिने ठरवून टाकला होता, आश्विन पौर्णिमा. पहिल्या नेमणुकीच्या गावातल्या बायांना फोनही झाले होते. तोवर राहणं बसमध्येच. आणि पंधरा दिवसांत तिच्या उशाशी खुडखुड सुरू झाली.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. आत्याने एक वही काढली आणि रोज सकाळी हातात टॉर्च घेऊन वॉर्डात फिरावं तसा राउंड सुरू केला. "लेंड्या अकरा. वायर शाबूत. साबण कुरतडला, भूक चांगली," असं ती खरोखर लिहायची. बाबा उंदराचं औषध घेऊन आले. आत्या नुकतंच पंचशील म्हणून उठली होती, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. ती बाबांना म्हणाली, "आताच तोंडानं म्हटलं, अन् लगेच मारू? नाश्ता तरी होऊ दे." औषध कचऱ्यात गेलं. चिकट पॅडचं मी नुसतं नाव काढलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम बँकेतलं राहिलेलं काम आठवलं.

मारायचं नाही, पण आत येऊ द्यायचं नाही, असा तिचा लढा होता. वायर जिथून आत शिरते, पाइप जिथून बाहेर पडतो, दाराखाली, चाकांच्या वर, जिथे म्हणून करंगळी जाईल तिथे तिने भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. उंदीर सगळं कुरतडतो, पण तारेला तोंड लावत नाही, हे तिचं निदान. घासण्या इतक्या नेल्या की दुकानदाराने विचारलं, "सिस्टर, खानावळ टाकली काय?" खिडक्यांना जाळी लागली. धान्य पत्र्याच्या डब्यात गेलं. कपड्यांत ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा आत्याच्या लुगड्यांना महिनाभर वास येत होता. खुडखुड मात्र चालूच.

मग पिंजरा आला. पहिल्या रविवारी त्यात दोन उंदीर सापडले. मी म्हटलं, मागच्या नालीपाशी सोडू. "नाली ओलांडून चहाच्या टायमाले परत येतील," आत्या म्हणाली आणि मला शेजारी बसवून तिने बस सुरू केली. थेट अकोला रस्त्याने पूर्णेच्या पुलापलीकडे! ज्या घरासाठी तिने आयुष्यभर वाट पाहिली, त्याचा पहिला प्रवास दोन उंदरांनी केला. मी पिंजरा मांडीवर धरून बसले होते आणि डोळे मिटून घेतले होते. पुलापलीकडे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. "जा बाप्पा. चांगलं राह्यजा." असे पाच रविवार झाले. पुलाजवळचा टपरीवाला आम्हाला पाहिलं की दोन कटिंग ठेवायचा.

उंदीर बाहेरून येत नव्हते, हे सहाव्या रविवारी कळलं. आत्याने ट्रंकेतून एक छोटा कर्णा काढला. गरोदर बाईच्या पोटाला लावून आतल्या बाळाचे ठोके ऐकायची ती नळी. ती नळी प्लायवूडला लावून आत्या भिंतीभर कान देत फिरली. आमच्या घरात अशी माणसं आहेत, हे त्या दिवशी मला नव्याने समजलं. मधेच ती थांबली. "माय वं! आतमंदी तर दवाखाना भरला!"

सुतारभाऊंनी पहिली फळी उतरवली आणि फोलपटांचा ढीग आमच्या पायांवर कोसळला. कापसाचा नुसता भुगा झालेला, त्यात सरकीची रिकामी टरफलं, आणि भिंतीतून भिंतीत पळणारी शेपटं! मी पलंगावर चढले. आत्या मात्र हसायला लागली. "कापूस भरला आपणच, अन् जेवण वाढलंही आपणच," म्हणत ती डोळे पुसेपर्यंत हसली. एकेक फळी काढत, कापूस फेकत, बारीक जाळी मारत काम दोन आठवडे चाललं. पौर्णिमेला दोन दिवस राहिले तेव्हा पलंगामागची एकच फळी उरली होती. मी रजा टाकून आले होते. आत्याचं सामान भरून झालं होतं.

तिने त्या शेवटच्या फळीला नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग सुतारभाऊंना बाजूला सारून स्वतःच्या हाताने चारही स्क्रू काढले आणि फळी जराशी सरकवली. कापसाच्या वाटीत सात पिल्लं होती, गुलाबी, बिनकेसांची, शेंगदाण्याएवढी. उंदरीण पळाली नाही. पिल्लांवर अंग टाकून आमच्याकडे बघत बसली.

"सिस्टर, एक फडका टाका, काम खलास," सुतारभाऊ म्हणाले.

आत्याने फळी होती तशी लावली. "बाळंतीण आहे. बंद करा."

"अगं, परवा निघायचंय ना तुला?" मी म्हटलं.

"पोरांचे डोळे उघडू दे. चालती होऊ दे. मंग निघू."

मला राग आवरेना. पाच रविवार मी मांडीवर उंदीर वाहिले होते ते काय यासाठी? गावाला फोन झालेत, बाया वाट पाहताहेत, आणि एका उंदरिणीसाठी ही थांबणार! मी म्हणाले, "उद्या सकाळी मीच फळी काढते आणि सगळ्यांना पुलापलीकडे टाकून येते."

आत्या ओरडली नाही. तिचा चेहरा मात्र उतरला. "बाळंतिणीले घराबाहेर काढत नसतात," ती म्हणाली आणि पलंगावर बसून राहिली.

बाबांनी मला हाताला धरून अंगणात नेलं. "तिच्या वाटेले जाऊ नको," ते म्हणाले. "बाईले असंच काढलं होतं." माझ्या देखत त्यांनी तिला पहिल्यांदाच सिस्टर न म्हणता बाई म्हटलं, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

मी जन्मायच्या आधीची गोष्ट. परतवाड्याला आत्या एका खोलीत भाड्याने राहत होती. तिचा नवरा अपघातात गेला हे मला माहीत होतं. तो गेला तेव्हा तिला सातवा महिना होता, हे माहीत नव्हतं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाव ठेवायला अकोटहून माझी आजी आणि बाबा पाळणा घेऊन गेले. पाळणा टांगायला छताला कडी नव्हती. घरमालकाला विचारलं, तर तो नको म्हणायला वर आला आणि त्याला कोनाड्यातली बुद्धाची तसबीर दिसली. तोवर त्याने सिस्टर एवढंच ऐकलं होतं, आडनाव विचारलं नव्हतं.

"दिवस मावळायच्या आत खाली करा म्हणे," बाबा म्हणाले. "पाऊस होता. पाळणा माह्या डोक्यावर, पोर बाईच्या पदरात. एसटी स्टँडवर बसलो आमी. आठ दिवसांत निमोनियानं गेली पोर. नाव ठेवाचंच राह्यलं."

पस्तिशी उलटून गेली होती माझी. याच बाईच्या मांडीवर मी वाढले. तिला एक मुलगी झाली होती, हे मला त्या दिवशी परसात उभं राहून कळलं. कोनाड्यातली तसबीर पाहून बारा दिवसांच्या बाळंतिणीला पावसात काढणारा माणूस, आणि उद्या सकाळी सगळ्यांना पुलापलीकडे टाकते म्हणणारी मी. मला स्वतःची शरम वाटली.

मी जिनिंगच्या दारातून मूठभर सरकी आणली आणि बसमध्ये जाऊन आत्याच्या हातात ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी सांगितलं हे तिला कळलं असणार, पण ती त्याबद्दल बोलली नाही. तेव्हा नाही आणि नंतरही कधी नाही. "त्या फळीखालच्या फटीले घासणी नको लावू," एवढंच म्हणाली. "तिले जायले वाट पायजे."

उंदरीण तीन आठवडे राहिली. मग एका सकाळी नळीतून काहीच ऐकू आलं नाही. आत्याने वहीत "डिस्चार्ज" असं लिहिलं, फट बुजवली आणि निघायची तयारी केली. त्यानंतर दोन हिवाळे ती गावोगाव राहिली. गेल्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात ती वारली, तेव्हा बसची किल्ली तिच्या कमरेला होती. नर्सने ती काढून माझ्या हातात दिली.

बस आता माझ्याकडे आहे. विकून टाक, असं सगळे सांगतात. मी पावसाळ्याच्या तोंडावर घासण्या आणते, फटी बुजवते, आणि कुठलीही फळी काढायच्या आधी तिला नळी लावते. मला हे करताना पाहून सुतारभाऊ हसतात.

छतात कडी आहे तशीच आहे. आत्या निघाली त्या सकाळी मी घरातून माळ्यावरचा तोच जुना पाळणा काढून आणला होता. तिला काय वाटेल याचा विचार न करता विचारलं, "आत्या, कडीला हा लावू का?"

तिने पाळण्याच्या दांडीवरून एकदा हात फिरवला आणि बस सुरू केली.

"राहू दे वं पोरी," ती म्हणाली. "आपल्या घरात ठोकता आली मले, तेवढंच पुरे."