कानोसा कुणाचा

मृणालिनीबाई आठल्ये गवार निवडत बसल्या होत्या आणि समोर टीव्ही नुसता सोबतीला म्हणून चालू होता. कुठलासा नवा कार्यक्रम लागला होता. चार बायका डोळ्यांवर पट्ट्या बांधून उभ्या. त्यांना दाराच्या कडीचा आवाज ऐकवला. तिसरी ओरडली, "आमचीच कडी! वरून ढिली आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मृणालिनीबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

हा खेळ त्यांचा होता. खरं सांगायचं तर त्यांच्या नवऱ्याचा, विद्याधरांचा.

विद्याधर टेलिफोन खात्यात होते. दिवसभर लोकांच्या खरखरणाऱ्या लाइनी ऐकून आलेल्या माणसानं घरी कान मिटून बसावं की नाही? पण त्यांना आवाजाचाच नाद. मुलुंड पूर्वेला त्यांची जुनी तीन मजली सोसायटी होती, बत्तीस बिऱ्हाडांची. एका वर्षी गणपतीतल्या संगीतखुर्चीला सगळेच कंटाळले, तेव्हा विद्याधर टेपरेकॉर्डर खांद्याला लावून आठवडाभर घरोघर हिंडले. कुणाचा कुकर शिट्टीआधी धापा टाकायचा. तळमजल्यावरच्या तेजलबेनचा झोपाळा तिसऱ्या झोक्याला कुरकुरायचा. खंडू शिंद्यांचं कपाट लाथ घातल्याशिवाय लागायचं नाही. मंडपात डोळे बांधून बसायचं, टेप ऐकायची आणि घर ओळखायचं. नियम मृणालिनीबाईंनी घातले: स्वतःचं घर ओळखलं तर एक गुण, शेजाऱ्याचं ओळखलं तर तीन. नाव ठेवलं 'कानोसा'. अकरा गणपती हा खेळ रंगला.

पुढे सोसायटी पाडून तिथे बावीस मजली टॉवर झाला. माणसं पांगली. तेजलबेन मुलाकडे बडोद्याला गेल्या. नव्या घरात येऊन वर्ष होतंय तोच विद्याधर गेले. त्याला आता चार वर्षं झाली होती.

"आई, तू गप्प कशी बसतेस गं?" लेक स्वरदा फोनवरच तडकली. "तो सुयोग नाही का, आपल्याकडे भाड्यानं राहायचा? तो आता त्याच प्रॉडक्शन कंपनीत आहे. सरळ चोरी आहे ही!"

स्वरदानं त्यांना अंधेरीला आपल्या कॉलेजातल्या मित्राकडे, ॲडव्होकेट अनिरुद्ध गायकवाडकडे नेलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, नियम कुठे लिहून ठेवले होते?"

"लिहायचे कशाला? सगळ्यांना पाठ होते."

अनिरुद्धनं चष्मा काढला. "मग स्पष्टच सांगतो. नुसती कल्पना कुणाच्याच मालकीची नसते. ती तुम्ही ज्या शब्दांत मांडली, लिहिली, टेप केली, तेवढं तुमचं. गोष्टीचा विषय, खेळाचा साचा सगळ्यांना मोकळा. नाहीतर सासू-सुनेच्या भांडणावर पहिली मालिका ज्यानं लिहिली, त्यानं बाकीच्यांना घरी बसवलं असतं."

"आणि सुयोग?" स्वरदा म्हणाली.

"त्याला विश्वासात घेऊन, कुणाला सांगू नकोस म्हणून सांगितलं असतं, तर भांडायला जागा होती. मंडपात सगळ्यांदेखत खेळलेला खेळ गुपित कसा ठरणार? आणि कदाचित त्यांना तो आपला आपण सुचलाही असेल."

"त्यांनी शेजारी काढून टाकलेत," मृणालिनीबाई मध्येच म्हणाल्या. "तीन गुण त्याचेच होते. त्यांच्यात जो तो आपलंच घर ओळखतो."

अनिरुद्ध हसला. "बघा, म्हणजे त्यांची मांडणीही वेगळी. टेपांवरचे आवाज मात्र तुमचे. ते वापरले असते तर उद्याच नोटीस धाडली असती." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय, काकू?"

"यांचं नाव," त्या म्हणाल्या. पण बोलताबोलताच त्यांना कळलं, की हेही ते नव्हे.

नोटीस गेली नाही. स्वरदा चार दिवस धुसफुसली आणि कामाला लागली. मृणालिनीबाईंनी मात्र माळ्यावरून कॅसेटींचा डबा काढला, जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला आणि रोज दुपारी एकेक कॅसेट ऐकू लागल्या. शिंद्यांचं कपाट, कुकरच्या धापा, त्यांच्या स्वतःच्या पाट्या-वरवंट्याची घरघर, स्वरदाचे पाढे. बत्तीसही घरं जशीच्या तशी होती. फक्त विद्याधर कुठेच नव्हते. माईक धरणारा माणूस टेपेत येत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

त्यांना तेच तर ऐकायचं होतं. स्कूटर स्टँडला लागल्याचा खाडकन आवाज, जिन्यात घासत येणाऱ्या चपला, घशाची ती खाकर. सगळं आठवत होतं, पण हल्ली कडा पुसट होत चालल्या होत्या. ते आधी खाकरायचे आणि मग बेल वाजवायचे, की आधी बेल? परवा खूप आठवूनही त्यांना सांगता आलं नव्हतं.

नवव्या कॅसेटमध्ये झोपाळा कुरकुरला आणि मागोमाग तेजलबेनचा आवाज आला, "विद्याधरभाई, चाय पिऊन जा ने!" मृणालिनीबाई सावरून बसल्या. आता ते बोलणार. खटकन बटण दाबल्याचा आवाज झाला आणि पुढे एकदम कुणाचीतरी बेल. यांनी टेप बंद करून मग उत्तर दिलं होतं. त्यांनी कॅसेट चार वेळा मागे नेली. चारही वेळा खटका तिथेच.

शेवटी त्यांनी बडोद्याला फोन लावला.

"तेजल, एक विचारू? हे टेप करायला यायचे तेव्हा तू चहाला थांबवायचीस. काय म्हणायचे गं ते?"

"अरे, काय म्हणणार? कधी थांबले काय!" तेजलबेन हसल्या. "दर वेळी एकच. 'नको, मृणाल चहाला थांबली असेल.' मी बोलायची, मृणाल पळून नाही जात, भाई!"

मग त्या गुडघ्यांबद्दल, तिकडच्या उन्हाबद्दल, नातवाच्या परीक्षेबद्दल सांगत राहिल्या. मृणालिनीबाई हो हो करत होत्या.

"ऐकतेस ना गं?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तेजल, ते परत एकदा सांग ना. ते म्हणायचे तसंच."