तिसरी धार

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच, ते आधी सांगून टाकतो. बारामतीतला तो ध्यानाचा कोर्स मी पूर्ण केलेला नाही. दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराने निघालो आणि उरलेल्या सगळ्या सकाळी कालव्याच्या कडेला स्कूटर लावून चहा पीत काढल्या. फी मात्र पूर्ण भरली होती. ही गोष्ट माझ्यापुरती राहिली असती तर आज लिहायला बसलो नसतो. पण माझे सासरे मध्ये आले. आणि पारखल्याशिवाय कसलीही वस्तू घरात न घेणारा असा माणूस इंदापूर तालुक्यातच काय, भीमा-नीरेच्या मधल्या सबंध मुलखात दुसरा नसेल.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि ते जावयाला पाव्हणं म्हणतात. मामा कळसचे. म्हैस घ्यायची तर तीन धारा बघायच्या, हा तिकडचा रिवाज. विकणारा आदल्या वेळची धार न काढता म्हैस तुंबवून ठेवतो, त्यामुळे पहिल्या धारेला बादली भरते आणि घेणारा फसतो. म्हणून घेणाऱ्याने गोठ्यात मुक्काम ठोकायचा आणि तिसरी धार बघून मगच पैसे मोजायचे. बाकीचे लोक हा रिवाज म्हशीपुरता पाळतात. मामांनी तो सगळ्या जगाला लावला. इंदापुरात पंखा घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला तो लावायला सांगून खालच्या बाकावर आडवे झाले, दुपारची झोप काढून उठले आणि "वारं बरं हाय, पण कुरकुरतोय," म्हणून घरी आले. चप्पल घ्यायची तर ती पायात घालूनच दुकानातून निघून बाजाराला चक्कर मारून यायचे. दुकानदार मागे धावला तर त्यालाच म्हणायचे, "चल की संगं, एकटा कशाला बसतोस?"

मलाही त्यांनी असंच पारखून घेतलं. बारामतीत माझं औषधांचं दुकान आहे. लग्न ठरायच्या आधी एक फेटेवाला म्हातारा आला, खोकल्याची बाटली घेऊन गेला, थोड्या वेळाने बदलायला आला, मग पुन्हा आला, "पहिलीच बरी हुती" म्हणत. मी मुकाट्याने बदलून दिली. खरं तर मला त्याला हाकलून द्यायचं होतं, पण माझे शब्द नेहमीच गिऱ्हाईक गेल्यावर तोंडाशी येतात. म्हाताऱ्याने, म्हणजे मामांनीच, घरी जाऊन सांगितलं, "पोरगं लई शांत हाय." तो गैरसमज आजतागायत चालू आहे. बायकोला मात्र लग्नानंतर लवकरच कळलं की ही शांती नव्हे, हा घुमेपणा. मी मोकळं बोलावं म्हणून तिने मला त्या कोर्सला घातलं आणि तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आता कुणीही बोलायचं नाही."

सासूबाई गेल्या आणि मामांची झोप उडाली. मी गोळ्या देऊ केल्या. "गोळीनं येती ती झोप न्हाय, बेशुद्धी हाय," म्हणाले. मग कोर्सचा फलक त्यांनी कुठेतरी वाचला आणि फी ऐकून थेट बाईंनाच फोन लावला.

"आधी दोन दिस बसू द्या. पटलं तर पैसं."

"आजोबा, असं नसतं हो. हे अनुभवायचं असतं. पहिल्या दिवसापासूनच छान वाटतं सगळ्यांना."

"तेच म्हंतोय मी, बाई. पहिली धार तुंबवल्यालीच असती. तिसरी कुठं बघाय मिळंल?"

बाईंनी फोन ठेवला असावा. पण मामांच्या ध्यानात आलं की कोर्स केलेला माणूस घरातच आहे, तेव्हा त्याचीच धार काढावी. मला कळसला बोलावणं आलं.

गेलो तर मामा उसाला पाणी देत होते. भर उन्हात बांधावर उभा राहिलो, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. जेवताना आमटीत मीठ नव्हतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मामा म्हणाले, "पाव्हण्यांचं दुकान चालतं म्हंजी काय, लोकंच आजारी पडत्यात!" सगळे हसले. मी आमटी संपवली. निघताना बघतो तर स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा नाही आणि मामा पडवीत बसून माझ्याकडे टक लावून बघतायत. मनातल्या मनात मी मला येणाऱ्या सगळ्या शिव्या दिल्या, येत नव्हत्या त्याही दिल्या, आणि शांतपणे पंप मागितला.

मामा उठून जवळ आले. "तिसरी धार बी तेवढीच!" म्हणाले. मग हवा भरताना माझा हात धरून हळूच विचारलं, "पाव्हणं, खरं सांगा. लागंल का मला झोप ह्याच्यानं? ती गेल्यापासनं घर लई मोठं झालंय."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "लागेल, मामा."

त्यांनी फी भरली, तीही घासाघीस न करता. कोर्ससाठी आमच्याकडे राहायला आले. पहिल्या सकाळी बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि मामा घोरू लागले. दुसऱ्या दिवशी तेच, शेवटच्या दिवशीही तेच. बाई म्हणे फार हिरमुसल्या. मामा दुकानात येऊन छाती फुगवून म्हणाले, "वसूल! समदे पैसं वसूल!" मला राहून राहून नवल वाटे. माणसांनी भरलेल्या ज्या हॉलमधून मी पळालो, तिथे या माणसाला असं काय मिळत होतं? आमच्या घरीही ते पोरांच्या खोलीत, पोरांच्या गलक्यात, गाढ झोपायचे. हे दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघायला मला फार उशीर लागला.

कळसला परतल्यावर झोप पुन्हा गेली. आता मामा कोर्सला नावं ठेवत नाहीत, स्वतःला ठेवतात. रोज पहाटे पडवीत घोंगडीवर एकटे डोळे मिटून बसतात. जागेच राहतात. फोन करून म्हणतात, "माझंच कायतर चुकतंय. तुमी रोज करता न्हवं? एक डाव येऊन माझ्याशेजारी बसा. बघू तरी द्या, कसं करता ते."

मी दुकानाचं कारण सांगतो. ते लगेच मानतात. खाली झोपून बघितल्याशिवाय पंख्यावरही विश्वास न ठेवणारा माणूस माझ्या प्रत्येक सबबीवर विश्वास ठेवतो.

तो कोर्स पैशाला महाग की स्वस्त, मला अजून ठरवता आलेलं नाही. मामांचं देणं मात्र ठरलेलं आहे. मला ध्यान येत नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं, आणि त्यांनी शिव्या घातल्या तरी पडवीतल्या त्या घोंगडीवर त्यांच्या शेजारी बसून राहायचं, त्यांना झोप लागेपर्यंत.